ओघळीचं तोंड

कदम सरांना नावं ठेवायची असतील तर माझ्या मागं रांगेत उभं राहा. पहिला नंबर माझा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की, चांगलंही बोलेन, पण आधी राग तर काढू द्या. इतका शहाणा माणूस इतका मोठा वेडेपणा करतो आणि वर हसतो, तेव्हा शेजारी बसणाऱ्याचा जीव जळतो. मी त्यांच्या शेजारी पुष्कळ वर्षं बसले, गाडीतही आणि स्टाफरूममध्येही.

मी तेव्हा नांदेडहून पूर्णेच्या कॉलेजात मराठी शिकवायला जायचे. मीटरगेजची छोटी गाडी होती. मध्ये चुडावा लागायचं, तिथं सर चढायचे. नागनाथ कदम, अर्थशास्त्राचे. चुडाव्यापासून पायी जाण्याजोगं त्यांचं गाव. पँटचे पाय दुमडलेले, त्यांना काळी माती, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात गाठ मारलेला रुमाल. पहिल्या दिवशी मला वाटलं, पेरू असतील. "काय आणलंय सर?" म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी गाठ सोडली तर आत माती! माझ्यादेखत त्यांनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली, खिडकीबाहेर थुंकले आणि म्हणाले, "खारी व्हायलीय बाई." मी हळूच सरकून बसले. आपण येड्याशेजारी बसलोय की काय अशी शंका आली, आणि खरं सांगते, ती पुढं कधी पुरती गेली नाही.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "मंग पुढं?" कुणी काहीही सांगो, आधी "वा, छान" म्हणायचे आणि मग हे. प्राचार्यांनी कॉलेजासमोर हिरवळ लावायचं ठरवलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, प्राचार्यांपुढं आणखी काय डोलावणार? सर म्हणाले, "छान. मंग पुढं?"

"पुढं काय? हिरवंगार दिसेल."

"ते पावसाळ्यात. मंग पुढं?"

उन्हाळ्यात हिरवळीचा काथ्या झाला तेव्हा प्राचार्य सरांशी बोलेनासे झाले, जशी काही ह्यांनीच वाळवली. पोरं तर त्यांना पाठीमागं 'मंगपुढं सर'च म्हणायची. कुणी लग्न ठरल्याचे पेढे घेऊन वर्गात आला की मागच्या बाकावरून आरोळी यायची, "मंग पुढं?" त्यावर सगळ्यांत मोठ्यानं सर हसायचे. त्यांचं हसणं खोकल्यासारखं होतं, सुरू झालं की थांबायचं नाही.

शाश्वत विकास वगैरे शब्द तेव्हा आमच्या तिकडं पोचले नव्हते. सर वर्गात सांगायचे, "जिचं दूध काढता त्या म्हशीला चारा घालता का न्हाई, एवढंच अर्थशास्त्र हाय. बाकीचं परीक्षेपुरतं." स्टाफरूमच्या खिडकीत पाण्याचा एक जुना माठ होता. त्याला बाहेरून पांढरा थर धरला होता. शिपाई तो घासायला निघाला की सर त्याला अडवायचे आणि आमच्यातल्या एकेकाला माठापुढं उभं करायचे. "बघा, पाणी पाझरलं, उडून गेलं. त्यातलं मीठ कुठं जाईल? हितंच बसलं. आमच्या गावचा सध्या असा माठ झालाय." आम्ही "हो का" म्हणायचो आणि चहाकडं वळायचो. रोज तेच ऐकायचं म्हटलं की कुणालाही कंटाळा येतोच ना!

गावाचं झालं होतं ते असं. सरांच्या शिवारातून पूर्वी एक ओघळ वाहायची. ओघळ म्हणजे ओढ्याची धाकटी बहीण. वरच्या रानांतलं पावसाचं पाणी गोळा करून खालच्या नाल्याला नेऊन सोडणारी, उन्हाळ्यात कोरडी ठाक. मग कालवा आला. पाटाचं पाणी रानोरान फिरलं, जोंधळा गेला आणि ऊस आला. ऊस आल्यावर प्रत्येकाला आपल्या रानातली ओघळ डोळ्यांत खुपायला लागली. फुकट पडलेली जागा की! पाणी तर आता कालव्यानं येतंय, मग हिची गरज काय? ज्यानं त्यानं आपापला तुकडा बुजवला आणि त्यावर सऱ्या पाडल्या. बघता बघता सगळी ओघळ नांगराखाली गेली. पाणी आत येत राहिलं आणि बाहेर जायची वाट मात्र त्या लोकांनी आपल्या हातांनी बंद केली. आमची काळी माती पाणी धरून बसते, सोडत नाही. आधी खालची रानं चिबडली, कायमची पाणथळ झाली, मग त्यांवर पांढरं मीठ फुटलं. वरच्यांचा ऊस डोक्याच्या वर डुलत होता, त्यांना खालच्यांचं काय!

सरांना एवढंच पाहिजे होतं की ओघळ परत उघडी करावी. प्रत्येकानं आपल्या रानातून चार हातांची पट्टी सोडावी, चर खोदावा, झालं. त्या एका चरापायी त्यांनी आयुष्य घालवलं.

आधी ते सरकारकडं गेले. तालुक्याला विकासाच्या आराखड्याची बैठक होती, तिथं मलाही ओढून नेलं, साक्षीला असेल बहुधा. साहेब तरुण होते, बोलायला गोड. ऊस किती वाढणार, रस्ते किती होणार, सगळं छान सांगितलं. सर उभे राहिले. मी कपाळाला हात लावला.

"साहेब, मंग पुढं?"

"पुढं म्हणजे?"

"रानं खारी झाल्यावर."

"हा पाच वर्षांचा आराखडा आहे, कदम सर."

"ते कळलं. पण जमीन बी पाचच वर्षांची हाय का?"

सगळे हसले. साहेबही मनापासून हसले, "तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे" म्हणाले. मग चहा आला. परतीच्या गाडीत सर खूश होते. "महत्त्वाचा म्हनले बाई," असं त्यांनी मला चुडाव्यापर्यंत दोनदा तरी ऐकवलं. मी म्हटलं, "सर, साहेब लोक काही करायचं नसलं की असंच म्हणतात." त्यांना ते पटलं नाही.

मग त्यांनी हुरडा घातला. एकत्र रान होतं, कसायचं काम धाकटा भाऊ दत्ता बघायचा आणि त्यानं सगळा ऊस लावला होता. पण सरांनी हट्टानं एक तुकडा जोंधळ्याला ठेवला होता. गावात तेवढाच उरलेला. हिवाळ्यात त्यांनी सगळ्या शेजारच्या शेतकऱ्यांना सकाळीच रानात बोलावलं, आम्हा कॉलेजवाल्यांनाही. दत्ता आगटीत कणसं भाजत होता, वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, तीळ-खोबऱ्याची चटणी वाढत होत्या. किती दिवसांनी हुरडा मिळतोय, म्हणून लोक तुटून पडले होते. सरांनी बरोबर ती वेळ साधली. तोंडं भरलेली असताना विषय काढला.

"सर, तुमचं खरं हाय," रंगराव पाटील म्हणाले. शिवारात वरच्या अंगाला सगळ्यात मोठं रान त्यांचं. "आमी कुटं न्हाई म्हनलं? पन ओघळीचं तोंड तुमच्या रानात. तेच बुजलेलं. वरून आमी खंदलं तर पानी जाईल कुटं? आदी तुमी तोंड उघडा, मंग आमी खंदीत खाली येतो."

"शब्द?"

"शब्द!" सगळ्यांच्या मिशांना हुरडा चिकटला होता, तरी शब्द दिलाच.

दत्ता आगटीपासून उठला नाही. कणसं उलटवत तिथूनच म्हणाला, "दादा, तोंडाच्या पट्टीत माझा ऊस हाय. म्या मोडायचा न्हाई." बस्, एवढंच. आवाजही चढवला नाही. वहिनी चटणी वाढता वाढता थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? हुरडा खाल्ला.

आता माझ्या रागाचं मूळ येतं. आमच्याकडं भावाभावांत वाटणीचा रिवाज असा, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करू शकत नाही. केली तर वाईट वाटा त्याच्याच पदरात पडायचा. सरांनी ह्याच रिवाजाचा डाव केला. दत्ता ऐकेना, महिनोन् महिने दोघांत धुसफूस, तेव्हा सरांनी स्वतःच वाटणी मागितली. चार माणसं बोलावली, माय उंबऱ्याला टेकून बसली आणि सरांनी वाटे पाडले. एका वाट्यात विहीर, आंबे, कालव्याकडचं काळंभोर रान. दुसऱ्यात जोंधळ्याचा तुकडा आणि खालची ती चिबड पट्टी, ओघळीच्या तोंडासकट.

दत्ता बिचारा घाबरला. "दादा, चुकलं तुमचं. परत पाडा."

"चुकलं न्हाई. उचल."

"ह्यात काय डाव हाय का?"

"न्हाई रं बाबा. उचल."

दत्तानं चार माणसांकडं बघितलं, त्यांनी खाली बघितलं. मग त्यानं उचलला. कोण नाही उचलणार? हे सगळं मला नंतर वहिनींनी सांगितलं. म्हातारी तेवढी रडली म्हणे. "नागू, लेकरा, सोत्तालाच फसवलास की रं."

दुसऱ्या दिवशी सर चुडाव्याला गाडीत चढले ते पोरगं पास झाल्यासारखे. "बाई, तोंड माझ्या नावावर झालं!"

"आणि त्याच्या वरचं रान?"

"दत्ताचं."

"मग तुमच्या चरात पाणी यायचं तर दत्ताच्या रानातून यावं लागेल की."

"येईल ना. सख्खा भाऊ हाय. गाव खंदाय लागल्यावर तो काय मागं राहतोय?"

जगाला 'मंग पुढं' विचारत फिरणाऱ्या माणसानं हे एकदा, फक्त एकदा, स्वतःला विचारलं असतं तर! रान एकत्र होतं तोवर थोरल्या भावाचा शब्द होता, आज ना उद्या दत्ता वाकला असता. वाटणी झाली आणि दत्ता मालक झाला. ह्यांनीच भिंत उभी केली आणि वर आनंदानं सांगत होते. मला असा संताप आला की मी पूर्णेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

चर खोदला तो विद्यापीठाच्या नामांतराच्या तापलेल्या दिवसांत. गावोगाव वातावरण वाईट होतं. मोर्चाला गेले म्हणून सरांच्या गावानं बौद्धवाड्यातल्या माणसांना रानात काम द्यायचं बंद केलं होतं. सरांनी चर खोदायला नेमकं त्यांनाच बोलावलं. गाव खवळलं. रंगराव घरी येऊन म्हणाले, "सर, तुमी मुद्दाम केलं." सर म्हणाले, "काम न्हाई त्यालाच काम द्यायचं असतंय पाटील, त्यात मुद्दाम काय?" खोदणाऱ्यांचा म्होरक्या किसन होता, उंच, थट्टेखोर गडी. तो सरांना म्हणाला होता, "आमाला रानच न्हाई सर, आमाला कशाला पायजे चर? पन खंदतो. तुमची रानं मेली की आमची मजुरी बी मेली."

मी तो चर बघायला गेले. सुबक खोदला होता, दोन्ही बाजू कापून काढलेल्या, तळ नाल्याकडं उतरता. त्याच्या काठानं मी वर चालत गेले. चालत गेले आणि एकदम थांबले, कारण चरही थांबला होता. पुढं दत्ताचा बांध आणि बांधावर उसाची भिंत. नाल्यापासून निघालेला चर कुठंच न जाता संपला होता. मागं सर उभे होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून. "आता ते वरून खंदीत येतील," म्हणाले.

कोण येतंय! रंगरावांना दोन सबबी मिळाल्या होत्या. एक, गावाला विचारात न घेता त्या लोकांकडून काम करून घेतलं. आणि दुसरी तर बिनतोड होती: "सर, तुमचा पाठचा भाऊ खंदंना, मंग आमी कामून खंदावं?" मग सर दत्ताच्या दारात गेले. दत्तानं पाणी दिलं, चहा दिला, चर सोडून सगळ्यावर बोलला. वहिनी मला त्या दिवशी पडवीत म्हणाल्या, "बाई, तुमच्या कालेजात असंच शिकवतेत काय? इहीर गेली, आंबे गेले. पोरास्नी काय चर खाऊ घालू?" त्या रडत नव्हत्या, भांडत होत्या. मला त्यांचंच खरं वाटलं, आजही वाटतं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मीठ वर चढत गेलं. सरांची पट्टी तर आधीच गेली होती, मग दत्ताचा ऊस पिवळा पडला, खुजा झाला, आणि एका साली त्याच्या काळ्याभोर रानावरही चुना सांडल्यासारखं दिसायला लागलं. मला वाटलं, आता तरी. मी गाडीत सरांना विचारलंही. ते म्हणाले, "गेलतो. म्हनला, मेलो तरी चर काढू देणार न्हाई." आणि वर म्हणाले, "लोक हासतील मनून. आता ऊस राहिला न्हाई बाई त्याच्याकडं, हट राहिलाय." वर रंगरावांचं रान तेवढं अजून हिरवं होतं आणि ते अजून पाणी भरत होते. सर हळूहळू बोलायचे कमी झाले. रुमालात माती आणणं थांबलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आता चव बघून काय करायचं? डोळ्यांनी दिसतंय की."

ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात प्राचार्यांनी त्यांच्या 'दूरदृष्टी'चं कौतुक केलं, हार घातला. मागून कुणा पोरानं सवयीनं आरोळी दिली, "मंग पुढं?" सभागृह हसलं. सर पण हसले, पण खोकल्यासारखं ते लांबलेलं हसू नव्हतं. लवकर संपलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. नामांतर झालं त्या हिवाळ्यात. कॉलेज बंद होतं, स्टेशनांवर पोलीस होते, गाडी अर्धी रिकामी. पूर्णेला कागदपत्रांचं काही काम होतं, ते करून येताना चुडावा आलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मी उतरले. घरी वहिनी एकट्याच होत्या. चिडून म्हणाल्या, "आन कुटं असतेत? तितंच."

मी रानात गेले. लांबवर पांढरं, मधून मधून वेडी बाभूळ. चर मात्र ओळखू आला, कारण त्यात बेशरम माजली होती. बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची, गुरंसुद्धा तोंड न लावणारी झुडपं. थोडी ओल मिळाली की पुरे. तिचा तोडलेला तुकडा जिथं पडेल तिथं मूळ धरतो. सर चरात उभे होते, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, हातात कोयता. मुळासकट उपटायचं, काठावर नेऊन ठेवायचं, परत यायचं. लय वाळले होते. मला बघून त्यांना आनंद झाला. वर चढून आले आणि खिशातून कागदात बांधलेला पेढा काढला. "किसननं दिला. घ्या. त्याच्या पोराला नवं नाव असलेल्या विद्यापीठात घालायचंय म्हनतोय."

मी अर्धा घेतला.

"त्यांचं झालं बाई," ते चराकडं बघत म्हणाले. "जीव गेले, घरं जळाली, तरी सोडलं न्हाई, मनून झालं. ह्या रानासाठी भांडायला कुणी न्हाई. म्या एकटा, आन मला भांडता येत न्हाई. मला निस्तं इचारता येतं."

मला एकदम भरून आलं. आणि भरून आलं की मला राग येतो, तो माझा स्वभावच. मी म्हटलं, "सर, किती वर्षं झाली, ह्या चरात वरून थेंब आला नाही. येणारही नाही. मग दर साली हे उपटत कशाला बसता? तब्येत बघा जरा."

"एखाद्या साली कुणाच्या मनात आलं, वरून खंदीत आलं कुणी, तर तोंड बुजलेलं नको," ते म्हणाले. जसं काही मीच अडाण्यासारखं विचारलं होतं.

"आणि नाहीच कुणी आलं तर? मंग पुढं?"

माझ्या तोंडून ते गेलं, आणि लगेच जीभ चावावीशी वाटली. सरांनी माझ्याकडं बघितलं. मग काठावरच्या ढिगाकडं बघितलं. गेल्या साली उपटून टाकलेल्या काटक्यांना तिथंच हिरवे कोंब फुटले होते.

"पुढं काय बाई," ते म्हणाले, "बेशरम परत उगवंल."

आणि कोयता घेऊन ते पुन्हा चरात उतरले.